उपदेश नको, पिशवी धरा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रांगेत, बसथांब्यावर, दवाखान्याच्या बाकावर एखाद्या मुलाला सणसणीत चापट बसते आणि बघणाऱ्यांचे दोन तट पडतात. काही जण मान फिरवतात, काही जण ‘एवढंसं पोर, लाज नाही वाटत?’ म्हणत अंगावर जातात. दुसऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण परिणाम बरेचदा उलटा होतो. चारचौघांत झालेली शोभा आईबाप घरी घेऊन जातात आणि मुलावरच काढतात. मध्ये पडायचे तर मोठ्या माणसाचा पारा उतरवायला पडावे. कोण चुकले याचा निवाडा त्या घटकेला करू नये.

पहिले पाच-दहा सेकंद नुसते पाहा. खांद्यावरची पिशवी घसरते आहे, कानाशी फोन आहे, रांग पुढे सरकते आहे आणि अडीच वर्षांचे पोर जमिनीवर लोळण घेते आहे. या वयात हट्टाचे झटके येतातच. भूक, अपुरी झोप, गर्दी-गोंगाट यांनी ते वाढतात. स्वतःला आवरायची क्षमता मेंदूत अजून तयार व्हायची असते, म्हणून ओरडून ते आवरत नाही. चापटीने दचकून क्षणभर थांबते, मग वरच्या पट्टीत सुरू होते.

जवळ जा, पण थेट समोर उभे राहू नका. जरा बाजूला, दोन हात अंतर ठेवून, खालच्या आवाजात बोला आणि ते पालकाशी बोला. ‘ताई, फार कंटाळलाय ना तो? पिशवी द्या इकडे, मी धरते.’ किंवा ‘दादा, तुमचा नंबर मी सांभाळतो, त्याला जरा मोकळ्या हवेत नेऊन आणा.’ ‘काही मदत हवी का?’ असे विचारले तर संतापलेला माणूस बहुधा ‘नको’च म्हणतो. नेमके काम उचललेत तर नाही म्हणणे अवघड जाते. शिवाय पिशवी द्यायला अनेकदा तोच हात पुढे येतो, जो मुलाच्या दंडावर आवळलेला असतो.

‘शांत व्हा’ म्हणू नका. त्याने कोणी शांत झालेले नाही. मोबाइल काढून चित्रण करू नका, त्यात मुलाचीही अब्रू जाते. पालकाला न विचारता मुलाला उचलू नका, खाऊ देऊ नका. ‘थांब, हे काका तुला पकडून नेतील’ ही मदत तर अजिबात नको. झिडकारले गेलात तर वाद न घालता चार पावले मागे सरा, पण नजरेच्या टप्प्यात राहा. कोणीतरी पाहते आहे एवढ्यानेही हात आखडतो.

एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. पाच वर्षांखालच्या मुलाचा हात हिसका देऊन ओढला, किंवा त्याचा एकच हात धरून त्याला उचलले, तर कोपराचे हाड जागेवरून किंचित सरकू शकते, कारण ते धरून ठेवणारा पट्टा या वयात सैल असतो. मग मूल तो हात जरासा वाकवून अंगाशी धरते आणि वापरत नाही. सूज मात्र बहुधा दिसत नाही. हे ‘नाटक’ नव्हे. ‘हात दुखावला वाटतं, डॉक्टरांना दाखवून घ्या’ एवढे सांगावे. डॉक्टर तो बहुधा काही क्षणांत बसवतात. घरी खेचाखेच करू नये.

उलटही होते. स्वमग्न (ऑटिझम असलेले) मूल गोंगाटाने बेभान होऊन रस्त्याकडे धावत असेल, तर त्याला घट्ट कवटाळणारी आई बघणाऱ्याला क्रूर वाटते. तिथे गर्दी पांगवा, आवाज कमी करायला सांगा, तेवढे पुरते.

मात्र तान्ह्याला गदागदा हलवणे, डोक्यावर किंवा पोटात मारणे, गळा आवळणे, चटका देणे, पट्ट्याने झोडपणे या प्रकारांत गोड बोलून वेळ घालवू नका. तान्ह्याचे डोके जड आणि मान कमजोर असते; काही सेकंदांच्या हिसक्यांनीही मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. एकट्याने झटापट करू नका. एकाने मोठ्याने ‘थांबा’ म्हणून पालकाचे लक्ष आपल्याकडे खेचावे, दुसऱ्याने तिथले सुरक्षारक्षक किंवा कर्मचारी बोलवावेत, तिसऱ्याने पोलिसांना किंवा मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावावा. फोनवर जागा, वेळ, मुलाचे अंदाजे वय, कपडे, वाहनाचा क्रमांक आणि डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगावे. ‘दारू प्यायलेला असणार’ हा तर्क झाला. ‘कानाखाली दोनदा मारले, मूल पडले, उठले नाही’ ही माहिती झाली.

आपली,
एक बालसमुपदेशक