आधी तिथी ठरवू, मग तिकीट

नवेगावबांधजवळ, जि. गोंदिया
कार्तिक वद्य पंचमी

प्रिय देशमुखा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतची कॉस्मोलेडोची छायाचित्रे मिळाली. सेशेल्समधल्या त्या बेटाची पांढरी वाळू आणि गुडघाभर पाण्यात फिरणारे ते मासे पाहून मलाही तिथे फ्लाय फिशिंग करण्याचा, म्हणजे केसा-पिसांचे नकली भक्ष्य (फ्लाय) गळावर बांधून ते फेकून मासा धरण्याचा, मोह पडला. परंतु तिथल्या आठवडाभराच्या खर्चात माझ्या धानाच्या सगळ्या बांध्यांना (शेतांना) तारेचे कुंपण होईल आणि रानडुकरांचा बंदोबस्त होईल, हा हिशेब घरात माझ्याआधीच कुणीतरी मांडून ठेवला आहे. लक्षद्वीपचाही मी विचार केला. तिथली खाजणे उथळ आणि नितळ आहेत, पण प्रवेश परवान्यापासून तयारी करावी लागते आणि माशाच्या छंदासाठी येणाऱ्या पाहुण्यांची सवय अंदमानच्या बोटवाल्यांना जास्त आहे. तेव्हा अंदमान नक्की, असे मी धरून चालतो.

तू विमानाचे स्वस्त तिकीट पाहून तारीख ठरवायला निघाला आहेस, ते मात्र थांबव. हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात ट्राउटसाठी गेलो तेव्हा कोणताही दिवस चालला, कारण नदी रोज त्याच दिशेने वाहते. समुद्राचे तसे नाही. प्रवाळाच्या उथळ पठारावर मासा चढतो तो भरतीच्या पाण्याबरोबर, खेकडे आणि लहान मासे खायला, आणि ओहोटी लागली की पठार कोरडे पडायच्या आत तो काठावरून खोल पाण्यात उतरतो. म्हणजे भरतीचे पहिले दोन-तीन तास आपल्या कामाचे, आणि ते तास उजेडात आले पाहिजेत, कारण पाण्यातला मासा डोळ्यांनी दिसल्याशिवाय हा खेळ होत नाही. भरती रोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी पठारावर नीट चढतही नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण येते आणि पोर्ट ब्लेअरला पाण्याचा चढउतार दोन मीटरच्या घरात जातो. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, पण ते गणित अंदमानला लागू पडत नाही. भारतीय सर्वेक्षण विभाग पोर्ट ब्लेअरचे भरती-ओहोटीचे तक्ते दरवर्षी प्रसिद्ध करतो, तेच समोर ठेवून दिवस मोजू.

वाऱ्याचा हिशेब सोपा आहे. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस, त्यानंतर वर्षअखेरपर्यंत ईशान्येकडचा वारा. समुद्र निवतो तो साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. अडचण वेगळीच आहे. आपले निम्मे सण पौर्णिमा-अमावास्येला खेटून येतात, त्यामुळे जे जे उधाण पाहावे तिथे घरची एक तिथी आडवी पडते. माघातली अमावास्या धरली तर आदल्या दिवशी महाशिवरात्र आणि आमच्याकडची प्रतापगडची यात्रा. फाल्गुन पौर्णिमेला होळी. पुढच्या अमावास्येला लागून पाडवा, आणि पाडव्याला मी घरी नसणे हे संभवत नाही. शेवटी चैत्र पौर्णिमेवर मी बोट ठेवले. रामनवमी आपापल्या घरी करू, दशमीला निघू आणि द्वादशीपासून वद्य प्रतिपदेपर्यंत पाण्यात राहू, म्हणजे पाण्याची ओढ आपल्या देखत दिवसेंदिवस वाढत जाईल आणि आपल्यासारख्या नवख्यांना पहिल्याच दिवशी ऐन उधाणाला तोंड द्यावे लागणार नाही. उन्हाळी धानाची रोवणी तोवर आटोपलेली असते. पाणी पाळायला भाचा राहील. तुझ्या संत्र्याच्या बागेच्या ओलिताची व्यवस्था तू पाहा.

आता मासा. आपण ज्याच्यासाठी जातो आहोत तो जायंट ट्रेव्हॅली, ज्याला सगळे जीटी म्हणतात, दीड मीटरच्या वर वाढतो आणि त्याचे वजन 80 किलोपर्यंत गेल्याची नोंद आहे. तसला आपल्याला दिसलाही नाही तरी चालेल; पाच-सात किलोचासुद्धा आपली परीक्षा पाहील. त्याची एक सवय मला फार आवडली. पाकट माशाने वाळू उकरली की त्यातून पळणारे खेकडे-झिंगे टिपण्यासाठी ट्रेव्हॅली त्याच्या पाठीवर तरंगत राहतो, नांगरामागे गायबगळे चालतात तसा. म्हणून पाण्यात काळी पाकट सरकताना दिसली की तिच्या अंगावरची सावली नीट न्याहाळायची. ती सावली स्वतंत्रपणे हलली, तर तो जीटी समजायचा. त्यासाठी तांबूस काचेचा पोलराइज्ड चष्मा हवा. चष्म्यावर पैसे वाचवू नकोस, वाटल्यास रीलवर वाचव.

नाही, रीलवरही वाचवू नकोस. तीर्थनचा तुझा पाच वेटचा रॉड घरीच ठेव (वेट म्हणजे रॉड पेलतो त्या लाइनच्या वजनाचा क्रमांक). जीटीसाठी बारा वेटचा नऊ फुटी रॉड, ज्याच्या ड्रॅगमध्ये (ब्रेकमध्ये) खारे पाणी शिरत नाही असा रील, त्यावर लाइनमागे निदान 200 मीटर बॅकिंग (राखीव दोर), आणि फ्लायजवळ शंभर पौंडांच्या वरचा ताण सोसणारा सरळ लीडर (टोकाचा दोर) लागतो, कारण पळालेला मासा प्रवाळावर दोर घासून तोडतो. लहान ट्रेव्हॅली आणि ट्रिगर माशांसाठी आठ किंवा नऊ वेटचा एक रॉड दोघांत पुरेल. लाइन उष्ण प्रदेशासाठी बनवलेलीच घे; थंड पाण्याची लाइन उन्हात मऊ पडते, कड्यांना चिकटते आणि लांब जात नाही.

फ्लाय मी बांधतो आहे. धान कापून झाले, चुरणे बाकी आहे, तोवर संध्याकाळ मोकळी असते. क्लाउझर मिनो हा बॉब क्लाउझर यांनी 1987 मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना नदीच्या बास माशासाठी तयार केलेला फ्लाय, पण खाऱ्या पाण्यातही तो सगळीकडे चालतो. मूळ बांधणी हरणाच्या शेपटीच्या केसांची आहे. आपल्याकडे हरणाच्या केसाला हात लावणे म्हणजे 1972 च्या वन्यजीव कायद्याला निमंत्रण, म्हणून मी बोकडाच्या शेपटीचे पांढरे केस खाटकाकडून आणून, शाम्पूने धुऊन, उन्हात वाळवले. ते आखूड आहेत, पण पाण्यात छान हलतात. शिशाचे दोन डोळे गळाच्या दांडीच्या वरच्या अंगाला आठच्या आकड्यासारखा दोरा फिरवून आवळायचे आणि गाठीवर गोंदाचा थेंब सोडायचा. डोळ्यांच्या वजनाने पाण्यात फ्लाय उलटा होतो, गळाचे टोक वर राहते आणि प्रवाळात अडकत नाही. घरच्या हौदात टाकून पाहिला, बरोबर उलटतो.

सराव मात्र तुला तुझाच करावा लागेल, आणि तो आजपासून. पठारावर मासा दिसल्यापासून नाहीसा होईपर्यंत काही सेकंद मिळतात. तेवढ्यात, वारा अंगावर असताना, दोनच खोट्या (पाण्याला न टेकवता हवेतच झुलवलेल्या) फेकींत पंधरा-वीस मीटरवर फ्लाय पडला पाहिजे. मी धान निघालेल्या बांधीत सूप ठेवून धुऱ्यावरून फेकतो. डबल हॉल, म्हणजे फेकताना डाव्या हाताने लाइनला दोनदा हिसका देणे, जमू लागला आहे, डाव्या हाताची घाई अजून जात नाही. दुसरी गोष्ट याहून कठीण. ट्राउटने फ्लाय घेतला की आपण रॉड वर उचलतो. जीटीला तसे केले तर गळ तोंडातून निसटतो. रॉडचे टोक माशाकडे खालीच ठेवून डाव्या हाताने लाइन जोरात मागे ओढायची, गळ रुतला की मगच रॉड वाकवायचा. वर्षानुवर्षांची सवय मोडण्यासाठी मी मच्छीमार सहकारी संस्थेची परवानगी काढून आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात मरळीवर हा प्रयोग करतो. आमच्या कोहळी पूर्वजांनी हा तलाव धानासाठी बांधला. काठावर उभे राहून कुणी प्लास्टिकचा बेडूक फेकेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नसेल.

तिथे जाळे विणत बसणारे ढिवर काका मी मरळ सोडून दिलेली पाहून म्हणाले, “खायचा नाही त मंग धरता कायले, भाऊ?” या प्रश्नाला माझ्याजवळ चांगले उत्तर नाही. जीटीपुरते एवढे सांगता येईल की प्रवाळात राहणाऱ्या मोठ्या शिकारी माशांच्या अंगात सिग्वाटेरा नावाची विषबाधा करणारे विष साठलेले असू शकते आणि ते शिजवूनही जात नाही, तेव्हा सोडलेलाच बरा. गळाची काटी (टोकाजवळचा उलटा काटा) चिमटून ठेव, फोटोसाठी मासा पाण्याबाहेर फार वेळ धरू नकोस.

बोटवाल्याशी बोलताना भाडे शेवटी विचार. आधी विचार की तो पठारावर उतरू देतो का, भरती पाहून जागा बदलतो का, आणि त्याच्याकडे मासेमारीचा परवाना आहे का. “दिवसभर मासा मिळतो,” असे उत्तर आले तर फोन ठेवून दे. तिथे बहुतेक लोक मोठे लाकडी पॉपर (पाण्यावर आवाज करणारी नकली आमिषे) फेकायला जातात; त्यांच्यासोबत एका बोटीत आपली लांब मागे जाणारी लाइन म्हणजे कुणाच्या तरी कानात गळ. बोट आपल्या दोघांचीच हवी. वंडूरचे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान 1983 पासून संरक्षित आहे आणि आदिवासींची राखीव क्षेत्रेही आहेत. त्या बाजूला न्यायला कुणी तयार झाला तर तो आपल्या कामाचा नाही.

एका बाबतीत मी हट्ट धरणार आहे. अंदमानच्या खाड्यांत आणि खारफुटीत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. 2010 मध्ये हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपाला, एका परदेशी तरुणीचा मगरीने जीव घेतला होता. म्हणून खाडीच्या मुखाशी, खारफुटीजवळ किंवा गढूळ पाण्यात उतरायचे नाही, समोर कितीही मासे दिसोत. उघड्या पठारावर जाड तळाचे बूट घालायचे आणि पाय उचलून न टाकता घासत न्यायचे, म्हणजे वाळूतली पाकट आधीच सरकते. स्टोनफिश या विषारी माशाचा काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून दवाखाना गाठायचा. जिवंत प्रवाळावर पाय द्यायचा नाही, आणि मुलांसाठी त्याचा तुकडा आणण्याचे तर नावही काढू नकोस. कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

दिवस तिथे लवकर मावळतो. घड्याळ तेच, पण गोंदियापेक्षा पोर्ट ब्लेअर साडेबारा रेखांश पूर्वेला, म्हणजे सूर्य सुमारे 50 मिनिटे पुढे. तेव्हा पहाटे चारला उठायची तयारी ठेव, संध्याकाळच्या गप्पा विसर.

हावडा मेलने जाऊ. तू अकोल्याला बसशील, मी गोंदियाला चढेन, आणि कोलकात्याहून विमान. 2024 पासून पोर्ट ब्लेअरचे नाव श्री विजयपुरम झाले आहे, तिकीट काढताना गोंधळू नकोस. रेल्वेचे आरक्षण आता 60 दिवस आधी उघडते, तो दिवस मी कॅलेंडरवर खूण करून ठेवला आहे; विमानाचे तू पाहा, पण तक्ता हाती आल्यावर, माझा होकार घेऊन. गळ, पक्कड आणि कात्री मोठ्या सामानात टाक.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पत्राचे उत्तर धान चुरून होईपर्यंत आले तर बरे.

तुझा,
कापगते

ता. क. तुझ्याकडच्या त्या पांढऱ्या कोंबड्याच्या मानेची लांब पिसे मला हवी आहेत. मुद्दाम कापू नकोस. पाहुणे आले आणि कापलाच, तर पिसे कागदात गुंडाळून टपालाने पाठव.