शेतीसंरक्षण बंदुकांचे नियम एकत्र आणि मराठीत मिळावेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोकणात, विशेषतः सिंधुदुर्ग जिल्ह्यात, शेतीसंरक्षणासाठी दिलेले बंदुकीचे परवाने अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. कोणाकडे ठासणीची बंदूक आहे, तर कोणाकडे बारा बोअरची. वानर, रानडुक्कर आणि गवे यांनी भातशेती, केळी, नारळ आणि काजूच्या बागांची नासधूस करू नये, म्हणून आवाज काढून त्यांना पिटाळण्यापुरताच त्यांचा उपयोग बहुतेक शेतकरी करतात. परवाना म्हणजे वन्यप्राणी मारण्याची मुभा नव्हे, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. शस्त्रांची काटेकोर नोंद असावी, याविषयी माझ्यासह कोणाचीही तक्रार नाही. मात्र गेल्या काही वर्षांत या नोंदीचे नियम एकामागून एक बदलत गेले आणि ते सर्व एकत्र करून शेतकऱ्याला त्याच्या भाषेत सांगण्याचे काम कोणी केले नाही, याकडे आपल्या पत्रातून लक्ष वेधू इच्छितो.

पहिला मोठा बदल राष्ट्रीय नोंदणीचा. देशातील प्रत्येक शस्त्रपरवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या संगणकीय यादीत यावा आणि प्रत्येक परवानाधारकाला स्वतंत्र ओळख क्रमांक, म्हणजे यूआयएन, मिळावा, असे ठरले. हा क्रमांक नसलेला परवाना अवैध समजला जाईल, असेही जाहीर झाले. मुदत मात्र अनेकदा वाढवली गेली आणि अखेरची मुदत जून २०२० मध्ये, म्हणजे टाळेबंदीच्या काळात, संपली. त्या वेळी सत्तरी ओलांडलेले शेतकरी जिल्हा मुख्यालयापर्यंत पोहोचूच शकत नव्हते. वारंवार मुदतवाढ मिळाल्यामुळे 'पुन्हा वाढेल' असा समजही पसरला होता. माझ्या ओळखीच्या एका वृद्ध शेतकऱ्याच्या पुस्तिकेवर नूतनीकरणाचे शिक्के वर्षानुवर्षे नियमित पडलेले आहेत, पण यूआयएनची जागा कोरी आहे. एका कार्यालयाने त्यांना 'परवाना चालू आहे' असे सांगितले आणि दुसऱ्याने 'तो रद्दच समजा' असे सांगितले. दोन्ही उत्तरे तोंडी होती.

त्याच सुमारास शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती १४ डिसेंबर २०१९ पासून लागू झाली. एका व्यक्तीकडे तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे राहतील आणि जादा शस्त्र वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, असे त्यात सांगितले आहे. परवान्याचा कालावधी तीन वर्षांवरून पाच वर्षे झाला, हा बदल स्वागतार्हच आहे. तीन बंदुका बाळगणारा शेतकरी कोठे असतो, असे शहरातील वाचकाला वाटेल. परंतु कोकणातल्या घरांची स्थिती पाहिली, तर ही अडचण खरी आहे. भाऊ आणि चुलते नोकरीसाठी मुंबईला गेले, गावात एकच जण राहिला आणि वडिलांची, चुलत्याची व स्वतःची अशा तीन बंदुकांची जबाबदारी त्या एकट्यावर आली, अशी उदाहरणे आहेत. वारशाने आलेल्या शस्त्रालाही दोनचीच मर्यादा आहे, हे अनेकांना आजही माहीत नाही. 'वडिलार्जित वस्तू आहे, तिला कोण विचारतो' या समजुतीने ती घरात तशीच ठेवली जाते. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. अजाणता घडलेल्या चुकीमुळे एखाद्या प्रामाणिक कुटुंबावर ही वेळ येऊ शकते, याची मला काळजी वाटते.

वारसांबाबत शस्त्र नियम, २०१६ मध्ये एक उपयुक्त तरतूद आहे. परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केली किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगले, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, तो हयात असतानाच आपल्या वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. ही गोष्ट वेळेत कळली, तर मृत्यूनंतरची धावपळ बरीच टळेल. प्रत्यक्षात घरातील कर्ता माणूस गेल्यानंतर बाराव्या-तेराव्याच्या गडबडीत बंदूक आठवतही नाही आणि काही महिन्यांनी आठवते तेव्हा ती कोणत्याही जिवंत परवान्यावर नसते. तलाठी कार्यालयात वारसनोंद होते, तेव्हाच या शस्त्राविषयी दोन वाक्ये सांगितली गेली, तर किती सोयीचे होईल!

सर्वांत अधिक गोंधळ वन्यजीव संरक्षण अधिनियमातील कलम ३४ विषयी आहे. अभयारण्यात किंवा त्याच्या १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रपरवानाधारकाने मुख्य वन्यजीव रक्षकाकडे नोंदणी करावी, असे हे जुने कलम सांगते. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, त्यात भर पडली. आता अशा क्षेत्रातील परवान्याचे नूतनीकरण वन विभागाला कळवल्याखेरीज करता येत नाही. हेतू योग्यच आहे, कारण शिकारीला आळा बसलाच पाहिजे. पण कोणते गाव या १० किलोमीटरमध्ये येते, हे शेतकऱ्याने कसे ओळखावे? फोंडाघाटाच्या वरच्या अंगाला राधानगरी अभयारण्य आहे. दोडामार्गच्या पलीकडे, गोव्याच्या हद्दीत, म्हादई अभयारण्य आहे. तेथील अंतर मोजायचे झाल्यास नोंदणी कोणत्या राज्याकडे करायची? मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. त्याच्यापासूनचे अंतर किनाऱ्यावरच्या नारळबागायतदारालाही लागू होते काय? तिलारी परिसर तर संवर्धन राखीव क्षेत्र आहे, अभयारण्य नव्हे, आणि कायद्यात या दोहोंच्या तरतुदी वेगवेगळ्या आहेत. हा भेद कार्यालयीन कर्मचाऱ्यांनाही नेहमी स्पष्ट असतो असे नाही. मग नूतनीकरणाचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो, मुदत उलटते आणि अर्जाची पोहोच हातात असलेल्या माणसाची बंदूक वैध की अवैध, हे कोणीही लेखी सांगत नाही.

त्यात निवडणुका आल्या की शस्त्रे जमा करण्याचा आदेश निघतो. २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला, ऐन काजूच्या हंगामात, लागली आणि विधानसभेची १५ ऑक्टोबरला, भातकापणीच्या दिवसांत. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले किंवा दंगलीत सहभाग असलेले परवानाधारक छाननी समितीने तपासावेत, अशी निवडणूक आयोगाची सूचना असताना सरसकट सर्वांनाच रांगेत उभे करण्याचे कारण समजत नाही. शिवाय बंदूक ठाण्यात जमा असताना नूतनीकरणाची तारीख आली, तर तपासणीसाठी ती दाखवायची कशी, हाही प्रश्न उरतोच.

जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि वन विभाग यांनी मिळून पुढील भातहंगामापूर्वी काही गोष्टी कराव्यात, अशी माझी विनंती आहे. सर्व नियम सोप्या मराठीत एका पत्रकात आणून ते प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. कलम ३४ लागू असलेल्या गावांची यादी नावानिशी प्रसिद्ध करावी. प्रत्येक तालुक्यात शिबिर भरवून यूआयएन नसलेल्या, वारसनोंद राहिलेल्या आणि जादा शस्त्र असलेल्या शेतकऱ्यांची कागदपत्रे तेथेच तपासावीत आणि प्रत्येकाला त्याच्या परवान्याची स्थिती लेखी द्यावी. ज्यांची मुदत टाळेबंदीत हुकली, त्यांच्यासाठी एकवार सवलतीचा प्रस्ताव राज्य शासनाने केंद्रीय गृह मंत्रालयाकडे पाठवावा. स्वतःहून पुढे येऊन शस्त्र जमा करणाऱ्यावर गुन्हा दाखल होणार नाही, असे आश्वासन कायद्याच्या चौकटीत देता येत असेल, तर तेही त्याच पत्रकात छापावे, कारण आज पुष्कळ जण केवळ भीतीपोटी ठाण्याची पायरी चढत नाहीत.

आपला,
एक शेतकरी परवानाधारक,
ता. कणकवली, जि. सिंधुदुर्ग