राजाची जागा दाखवून देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

पत्रात नाव घालू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून घालत नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. ‘लेमाब्ल व्हँकर’ या जुन्या फ्रेंच दरबारी नृत्याची लिहिलेली पानं तुम्ही फ्रान्सहून तपासून परत पाठवलीत, तेव्हा प्रत्येक पानाच्या माथ्यावर तांबड्या पेन्सिलीने एक छोटा मुकुट काढलेला होता. तुम्ही आणखीही बरंच केलंत. तरी खरं ऋण या मुकुटाचं आहे, आणि ते किती मोठं आहे हे दरबारी नृत्याशी झटलेल्यांनाच कळेल.

हे नृत्य नृत्यरचनाकार लुई पेकूर यांनी १७०१ मध्ये बसवलेलं, संगीतकार कांप्राच्या ऑपेरातल्या सुरावटीवर. ते आज नाचता येतं याचं कारण नृत्यगुरू राऊल-ओजे फय्ये यांनी १७०० मध्ये छापलेली नृत्य लिहिण्याची पद्धत. त्यात पान म्हणजे वरून पाहिलेला दिवाणखाना. माथ्यावर सुरावट, खाली नर्तकाच्या वाटेची रेघ. त्या रेघेला छेदणाऱ्या बारीक आडव्या खुणा सुरावटीतल्या उभ्या दांड्यांशी जुळतात, त्यामुळे कुठलं पाऊल कुठल्या सुरावर हे ठरतं. वाटेच्या दोन्ही बाजूंना पावलं काढलेली. पावलावर बोटांच्या दिशेला झुकलेली छोटी रेघ असेल तर गुडघे वाकवायचे, सरळ रेघ असेल तर उठायचं, दोन सरळ रेघा असतील तर उडी. एवढं कुणीही पाठ करतं.

अडतं ते पान हातात धरण्यात. पानाचा माथा म्हणजे दिवाणखान्याचं ते टोक, जिथे राजा बसलेला असतो. नर्तक वळला तरी माथा तिकडेच राहायला हवा. फय्येंनी पुस्तक कसं धरायचं हे मुद्दाम सांगून ठेवलं आहे. अंग वळवायचं, हात पुस्तकाच्या कडेने सरकवायचे, पुस्तक मात्र फिरू द्यायचं नाही. आता पानं मोबाइलवर असतात आणि आपण वळलो की तीही आपल्याबरोबर फिरतात. चूक लगेच दिसत नाही, हीच खरी अडचण. दोघे नर्तक एका मध्यबिंदूभोवती समोरासमोरून फिरत असतील तर पान पूर्ण उलटं झालं तरी आकृती तशीच दिसते. नंतर आरशातल्यासारखी आकृती येते, दोघांनी राजाकडे तोंड करून शेजारी उभं राहायचं असतं, आणि दोघे पाठ करून उभे असतात. मग दोष पावलांवर जातो, पावलं बदलली जातात, आणि नृत्य नासतं. मुकुट डोळ्यासमोर असला की हे होतच नाही.

तुमच्याआधी ज्यांच्याकडे विचारणा केली त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. भरपूर फी घेणाऱ्या कार्यशाळांत पंखा कसा उघडायचा हे तासभर शिकवलं जातं आणि पावलांच्या जागी नंतरच्या काळातल्या वॉल्ट्झ नाचाच्या गिरक्या दिल्या जातात. ‘त्या काळातलं काही उरलंच नाही, आपणच रचायचं’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटले. ३०० हून अधिक नृत्यं या पद्धतीत लिहिलेली उपलब्ध असताना हे सांगणं म्हणजे शिकणाऱ्याची फसवणूक आहे. माहीत नसेल तर तसं म्हणावं, त्यात कमीपणा नाही.

ताई, मुकुटामुळे मागचा सगळा इतिहासही जागेवर बसला. १५ ऑक्टोबर १५८१ ला पॅरिसच्या पती-बूर्बों दालनात, राणी लुईझच्या बहिणीच्या लग्नानिमित्त ‘बाले कोमीक द ला रेन’ हा नाच-गाणी-काव्याचा दरबारी खेळ झाला. इटलीहून आलेले व्हायोलिनवादक बाल्तझार द बोज्वाय्यू यांनी तो रचला. एका टोकाला राजा तिसरा आंरी, दुसऱ्या टोकाला सर्सी या जादूगारणीचा बगीचा, बाजूंच्या सज्जांत प्रेक्षक. रात्री १० ला सुरू झालेला प्रयोग पहाटे साडेतीनपर्यंत चालला. शेवटच्या समूहनृत्यात ४० भौमितिक आकृत्या होत्या. उंचावरून पाहणाऱ्याला पाय कसा पडतो यापेक्षा चौकोन मोडून वर्तुळ कसं होतं हेच दिसणार, म्हणून रचनेचा सगळा जोर आकृतीवर. १५८२ मध्ये त्याचं देखणं पुस्तक निघालं. त्यात काव्य आहे, संगीत आहे, चित्रं आहेत, पण पावलं नाहीत. ही हानी कधीच भरून निघणार नाही.

पुढे १६५३ मध्ये ‘बाले द ला न्वी’ या दरबारी नृत्यखेळात १४ वर्षांचा राजा चौदावा लुई उगवत्या सूर्याच्या वेषात स्वतःच नाचला. सरदारांचं बंड नुकतंच मोडलं होतं आणि तो सूर्य पाहणाऱ्या प्रत्येकाला अर्थ कळत होता. १६६१ मध्ये त्याने १३ नृत्यगुरूंची अकादमी नेमली. पायांच्या पाच मूळ स्थितींची घडी त्याचे नृत्यगुरू बोशाँ यांनी बसवली. या लेखनपद्धतीवरही त्यांनी आपला हक्क सांगितला होता, म्हणून फय्येंबरोबर त्यांचंही स्मरण करायला हवं. १६७३ पासून संगीतकार लुलीचा ऑपेरा पॅरिसमधल्या पाले-रोयालच्या नाट्यगृहात गेला. प्रेक्षक समोर आले, रंगमंच उंच झाला. समोर तोंड ठेवून आडवं सरकायचं तर पाय बाहेर वळलेले लागतात, म्हणून त्या वळणाला तिथून पुढे अधिकच महत्त्व आलं. तरीही ते वळण सुमारे ४५ अंशांचं. आजच्या बॅलेत तयार झालेले नर्तक पावलं पार आडवी करतात आणि टाचेच्या बुटांत सावकाश वाकून उठणं त्यांना जमत नाही. तुमच्या समासातली ‘पाय कमी वळवा’ ही सूचना किती मोलाची!

मिन्युएट या दरबारी जोडीनृत्याबद्दलचं तुमचं टिपण तर जसंच्या तसं फळ्यावर लिहून ठेवावं असं आहे. एक पदन्यास सहा मात्रांचा, म्हणजे तीन-तीनच्या दोन गटांचा, आणि त्यात पावलं चारच. सहाव्या मात्रेला वाकायचं, पहिलीला उजव्या पायावर उठायचं, दुसरीला पुन्हा वाकायचं, तिसरीला डाव्यावर उठायचं, चौथी-पाचवीला टाचा उचलून साधी दोन पावलं. लोक पहिल्या मात्रेला वाकतात आणि नृत्य जड होतं. वाकणं समेच्या आधी, उठणं समेवर, हे तुम्ही एका ओळीत सांगितलंत.

हे सगळं तुम्ही न मागता, फीचा शब्दही न काढता, स्वतःचा वेळ मोडून केलंत. ज्ञान असलेली माणसं पुष्कळ असतात. समोरचा नेमका कुठे अडखळेल याचा विचार करून तिथे खूण करून ठेवणारी फार थोडी. प्रश्न विचारणाऱ्याला अडाणी न ठरवता उत्तर देणं हा चांगुलपणा कुठल्याही विद्येला जगवतो, मग ती दरबारी असो की गावातली.

आरशातली आकृती संपून फिरती आकृती सुरू होते तिथे एकानेच पाय बदलायचा असतो. त्या जागेवर अजून थोडं काम बाकी आहे. सवड झाली की तेवढं पाहाल का?

कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा ही विनंती.

आपले ऋणी,
‘लेमाब्ल व्हँकर’ शिकणारे सगळे