शिकागो ते सोनेगाव

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा तू विचारलंस, "नेमकी किती लांब आहेस गं?" मी "खूप" म्हणून विषय बदलला. रात्री पिल्लूच्या पृथ्वीगोलावर दोरा धरून बघितला. एक टोक नागपूरवर, दुसरं शिकागोवर. वाटलं होतं युरोपवरून जाईल, पण ताणल्यावर दोरा वर सरकला आणि सैबेरियावरून, उत्तर ध्रुवाच्या जवळून, कॅनडात उतरला. सुमारे १२,९०० किलोमीटर. बाबा, झिरो माईलच्या खांबावर बोट ठेवून जबलपूर, हैदराबादची मैलांतली अंतरं तुम्ही माझ्याकडून वाचून घ्यायचे, ते आठवलं.

पण त्या दोऱ्यावरून विमान जात नाही. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाहून दोहा सुमारे २,८०० किलोमीटर, चार तासांच्या आसपास. पुढे दोह्याहून शिकागो जवळजवळ ११,५००, एका दमात चौदा-पंधरा तास. मधला थांबा धरून बावीस-तेवीस तास होतात. परतताना वेळ थोडा कमी लागतो, कारण खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो आणि तो विमानाला पाठीमागून ढकलतो. तरी घड्याळ आपलं नुकसानच करतं. हिवाळ्यात तुम्ही माझ्या साडेअकरा तास पुढे असता. सोमवारी संध्याकाळी इथून निघाले, तर बुधवारी पहाटे तुमच्या दारात.

हे सगळं मी उगाच मांडत नाहीये.

मार्चमध्ये बाबांना धंतोलीच्या दवाखान्यात तीन रात्री ठेवलं होतं. मला कळलं ते घरी आणल्यावर, तेही मावशीकडून. "तुझ्या जिवाला घोर कशाला," असं म्हणालीस तू. आई, तुझी माया कळते मला. पण त्याच रात्री सांगितलं असतंस, तर डिस्चार्जच्या आधी मी बाबांच्या उशाशी असते. त्या तीन दिवसांत मी इथे मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला टाळ्या वाजवत होते, हे अजून मनातून जात नाही.

हे अंतर मला कमी करता येत नाही. त्याच्यात तुम्ही आणखी दिवस घालू नका, एवढंच मागते. दुखलं-खुपलं तर त्याच दिवशी सांगा, माझ्याकडे मध्यरात्र असली तरी. फोन उशाशी असतो, आवाज चालू ठेवते. पासपोर्ट वरच्या कप्प्यात आहे. ऑफिसात बोलून ठेवलंय, ऐनवेळी निघावं लागलं तर कोणी अडवणार नाही.

बाबा, रविवारी बीपी मोजलं की आकडा मला पाठवा. आईला विचारून नाही, तुमचे तुम्हीच. आणि तिच्या गुडघ्याचं खरं काय ते लिहा, ती मला सांगत नाही.

तुमची,
ताई