होटनहून पत्र

होटन, मिशिगन

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

आई, स्नोमोबिलवरचा, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या त्या छोट्या गाडीवरचा, माझा व्हिडिओ पाहून तुझ्या जिवाला घोर लागलाय, हे बाबांच्या आवाजावरूनच कळलं. म्हणून सविस्तर लिहितो.

इथला बर्फ तुम्हाला सांगून खरा वाटायचा नाही. लेक सुपीरिअरवरून येणारा गार वारा पाण्याची वाफ उचलतो आणि आमच्या डोक्यावर ओततो. 1978-79 च्या हिवाळ्यात आमच्या या कीविनॉ द्वीपकल्पात बत्तीस फुटांहून जास्त बर्फ पडला होता. अशा मुलखात माणसं घरात कोंडून बसत नाहीत. तांब्याच्या खाणींसाठी टाकलेले रेल्वेचे रूळ कधीच उखडले गेले, पण त्या वाटांवरून आता स्नोमोबिल धावतात. होटन आणि हॅनकॉक जोडणाऱ्या पुलाचा खालचा मजला पूर्वी रेल्वेचा होता, तोसुद्धा हिवाळ्यात त्यांच्यासाठीच असतो.

मी याच ट्रेलवरून जातो, रानोमाळ नाही. दिवसभर गाड्या जाऊन वाटेवर गुडघ्याएवढे उंचवटे तयार होतात. मग रात्री ग्रूमर निघतो. मोठा ट्रॅक्टर, मागे लांबलचक लोखंडी सांगाडा. त्याची पाती उंचवटे कापतात, भुगा पुढे ओढत खड्डे भरतात आणि शेवटचा रुंद सपाट पत्रा सगळं दाबून टाकतो. बाबा, नांगरटीनंतर आपण फळी मारतो ना, अगदी तसंच. रात्री वर्दळ कमी, थंडीही कडक, त्यामुळे दाबलेला बर्फ घट्ट बसतो. पहाटे वाट इतकी सपाट असते की हात फिरवावासा वाटतो.

हे काम इथले स्थानिक क्लब करतात, आणि आम्ही गाडीसाठी जो परवाना घेतो त्याच्या पैशांतून खर्च निघतो. त्या माणसांबद्दल मला फार आदर आहे. कडाक्याच्या थंडीत कुणीतरी रात्रभर जागतं, म्हणून माझी सकाळ सुखरूप जाते.

आई, हेल्मेट असतंच. उजव्या बाजूने चालवतो, वळणावर वेग कमी करतो. गोठलेल्या तळ्यावर गाडी घालत नाही, कितीही आग्रह झाला तरी. बर्फ वरून सारखा दिसतो, खालची जाडी कळत नाही. एकटाही जात नाही.

पुढच्या फेब्रुवारीत तुम्ही दोघं याच. बाबांना ग्रूमरच्या केबिनमध्ये बसता येईल का, ते क्लबात विचारून ठेवतो. पासपोर्टची मुदत तेवढी बघून कळवा. आईच्या गुडघ्यांचा पट्टा बरोबर घ्या, इथे पायऱ्या निसरड्या असतात.

तुमचा,
संदीप