जिप्समच्या आधी निचरा

महोदय,

कोरड्या प्रदेशात कालव्याचे पाणी आले की काही वर्षांतच शेताच्या सखल भागात क्षार फुटून पांढरा थर दिसू लागतो आणि सल्ला ठरलेलाच मिळतो : जिप्सम, म्हणजे कॅल्शियम असलेले खनिज, टाका. पण खारवट आणि चोपण ही दोन वेगळी दुखणी आहेत.

खारवट जमिनीत विद्राव्य क्षार वाढतात. मातीच्या संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचे माप, ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर जाते, सामू (पीएच) मात्र ८.५ च्या आत राहतो. अशा मातीत पाणी मुरते, पण मुळांना ते ओढता येत नाही आणि ओल असूनही पीक माना टाकते. चोपण जमिनीत सामू ८.५ च्या वर आणि मातीच्या कणांना धरून बसलेल्या सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांच्या वर असते. ती ओली असताना पायाला लोण्यासारखी चिकटते, वाळली की दगड होते आणि पाणी वरच साचून राहते. जिप्सम हे या दुसऱ्या दुखण्याचे औषध. त्यातील कॅल्शियम सोडियमला कणांवरून हुसकावतो, पण निचराच नसेल तर तो सोडियम जाणार कुठे? निव्वळ खारवट जमिनीत तर आहे त्या क्षारांत भर पडते, शिवाय खर्च वाया.

हिशेब साधा आहे. लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार असलेले पाणी आपण गोडे म्हणून पितो, पण तेच हंगामात ५०० मिलिमीटर दिले तर हेक्टरी अडीच टन क्षार शेतात येतात. पाणी उडून जाते, पीक क्षार फारसे उचलत नाही, उरलेले मागे राहतात; ते बाहेर काढायला निचराच लागतो. ठिबकनेही सुटका होत नाही : क्षार ओल्या भागाच्या कडेला साचतात आणि हलक्या सरीबरोबर पुन्हा मुळांशी येतात, म्हणून अशा पावसात ठिबक बंद न करता चालू ठेवायचे असते, हे फार थोड्यांना सांगितले जाते.

आपल्या कृषिविषयक मजकुरात जिप्समची मात्रा छापताना त्याआधी निरनिराळ्या खोलीवरील मातीची तपासणी आणि निचऱ्याची सोय यांचा उल्लेख व्हावा, ही विनंती. निचरा एकट्यादुकट्याचे काम नाही. एकाने काढलेले खारे पाणी शेजाऱ्याच्या बांधाशी थांबले तर दुखणे फक्त सरकते आणि नाल्यातील पाण्याची पातळी निचऱ्यासाठी शेतात पुरलेल्या सच्छिद्र नळीच्या वर राहिली तर तेच पाणी उलट शेतात शिरते.

आपला,
एक शेतकरी वाचक