दगा आणि लबाडी एक नव्हे

महोदय,

ऑनलाइन खेळ मुलांना दगाबाजी शिकवतात, असे सांगणारा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला, पटला नाही. २०१८ मध्ये आलेल्या ‘अमंग अस’ या ऑनलाइन खेळात सोबत्यांना फसवणे हाच डाव आहे आणि हे सगळ्यांना आधीच ठाऊक असते. बुद्धिबळात प्यादे देऊन सापळा रचणाऱ्याला आपण लबाड म्हणतो का? खरा अन्याय वेगळाच. नेमबाजीच्या ऑनलाइन खेळांत भिंतीपलीकडचा गडी दाखवणारे किंवा आपोआप नेम साधणारे चोरटे सॉफ्टवेअर कुणी वापरले की समोरच्याचे कौशल्य मातीमोल होते. परवा याच संतापात नातवाने मोबाइल आपटला (गादीवरच, एवढे भान होते). २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, मान्यता दिली आहे. तेव्हा इंदुरातल्या स्पर्धांत तरी आयोजकांनी मोबाइल तपासूनच खेळाडूंना बसवावे.

– एक आजोबा, रामबाग, इंदूर